जुळाऱ्याचा डावा हात

सीपीआरच्या वॉर्डात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"मगदूमकाका, दात कसे घासता, दाखवा बघू."
आण्णांनी हाताकडे पाहिलं,
नव्या भाडेकरूकडे बघावं तसं.
मग बोट कानात घातलं.

लुळा पडला होता तो उजवा हात.
डावा धडधाकट. तरी त्यालाही काही सुचेना.
बाईंनी केसपेपरच्या पाठीवर अक्रोडासारखं काही काढलं,
मधोमध फट ठेवून:
शिकलेल्या हालचाली, बहुतेकांच्या, या डाव्या अंगाला राहतात.
उजव्या अंगाला निरोप जातो तो इथूनच,
मधल्या पुलावरून.
पूल म्हटल्यावर मला कळलं.
पंचगंगा पात्राबाहेर पडली की
चिखलीचं दूध चिखलीतच नासतं.

संध्याकाळी शेजारच्या कॉटवरचा म्हातारा
"जय जिनेंद्र" म्हणाला,
आणि आण्णांचा डावा हात आपसूक उठला,
छातीपाशी येऊन थांबला
दुसऱ्या हाताची वाट बघत.
सांगून येत नव्हतं ते न सांगता आलं.
हे कुठल्या अंगाला राहतं, ते विचारायचं राहून गेलं.

लक्ष्मीपुरीत, तेलाच्या दुकानामागे,
अडतीस वर्षं आण्णांनी खिळे जुळवले.
उजवा हात केसमध्ये जायचा, न बघता,
कोंबडीनं दाणे टिपावे तसा:
काना या घरात, वेलांटी त्या, 'ळ' खाली कोपऱ्यात.
डावा नुसता स्टिक धरून उभा.
एक अक्षर त्यानं कधी उचललं नाही.
पण प्रत्येक अक्षर त्याच्याच तळव्यासमोर उभं राहिलं,
उलटं.

ट्रेडल बंद झालं, तेव्हा खिळे मीच विकले.
किलोवर. शिसं म्हणून.
त्या जागी आता माझं फ्लेक्सचं मशीन आहे,
वाढदिवस, निवडणूक, भावपूर्ण श्रद्धांजली.
आण्णा काही बोलले नव्हते.
त्या रात्री फक्त हात फार वेळ धूत बसले.

घरी आणल्यावर पाटी दिली. डाव्या हातात खडू.
"नाव लिहा, आण्णा. जिनगोंडा."
खडू टेकला, हलेना.
आई भात उतरवायला आत गेली, मी फोनवर कुणाशी तरी
दहा बाय सहाचा भाव करत होतो,
आणि मागे खडूचा आवाज सुरू झाला.
उजवीकडून डावीकडे,
घाई नाही, खाडाखोड नाही,
सगळी अक्षरं पाठमोरी.

आईनं पाटी बघितली आणि मीठ-मोहऱ्या आणायला धावली.
"कुणाची तरी करणी हाय ही."
बाईंना फोटो पाठवला. त्यांचा उत्तराला उत्साह फार:
उजव्या हाताचं शिकलेलं डाव्यात उतरलं की कधीकधी असं उलटतं,
आरसा धरून वाचा.
आरसा कशाला?
मी गॅलीवर वाचायला शिकलोय,
चड्डीत असताना, आण्णांच्या कोपराखालून.
वाचलं:
आमच्या येथे श्री कृपेकरून

हजार लग्नांना पुरलेली ओळ.
नाव आठवलं नाही हाताला,
ही आठवली.
आणि मला वाटलं, हे चुकलेलं नाही,
हे छापायच्या आधीचं आहे.

उठलो. माठाखालच्या ओल्या फरशीवर तळवा टेकवला,
मग पाटीवर. दाबला.
उचलला तेव्हा हातावर, फिकट, फुटकी,
पण सुलटी उभी होती अक्षरं,
लग्नघरचा पाहुणा दारात उभा राहावा तशी.

आण्णांपुढे तळवा धरला.
त्यांनी मान वाकडी करून, डोळे बारीक करून,
प्रूफ बघायचे तसं बघितलं. बराच वेळ.
मग डाव्या हाताच्या नखानं
माझ्या करंगळीखाली टोचलं:
वेलांटी उठली नव्हती.